दळणाच्या अंतरावरची खरेदी

छत्रपती संभाजीनगरात मोटारीवाचून घराजवळच खरेदी करणे कितपत शक्य आहे, हे तपासायचे असेल तर मॉलपेक्षा किंवा किराणा दुकानापेक्षा पिठाच्या गिरणीपासून सुरुवात करणे अधिक योग्य ठरते. मराठवाड्याच्या जेवणात ज्वारीच्या भाकरीला मोठे स्थान आहे आणि ज्वारीचे पीठ जुने झाले की कडवट लागते, भाकरी थापताना कडेने चिरते. त्यामुळे रोज भाकरी होणाऱ्या घरात महिन्याचे पीठ साठवण्यापेक्षा थोडे थोडे दळण, म्हणजे घरी निवडून डब्यात भरलेले धान्य, गिरणीवर टाकले जाते. गिरणीवाला ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू दळतो, कारण आधीच्या धान्याचे पीठ यंत्रात थोडे मागे राहतेच आणि ते पुढच्या डब्यात उतरते. साहजिकच डबा ठेवून घरी जावे लागते व नंतर परत यावे लागते. म्हणून पाच-सात किलोंचा डबा हातात किंवा सायकलच्या कॅरिअरवर घेऊन दोन खेपा करता येतील, एवढ्याच परिघात गिरणीचे गिऱ्हाईक असते.

जुन्या शहराची रचना या परिघाला अनुकूल आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे मोगल काळात तिचे औरंगाबाद झाले आणि तटाच्या आतबाहेर पुरे, म्हणजे बहुधा एखाद्या सरदाराच्या नावाने वसलेल्या वस्त्या, वाढत गेले. जयसिंगपुरा, करणपुरा आणि पदमपुरा ही नावे मोगलांच्या सेवेतील राजपूत सरदारांची आहेत. सरदाराबरोबर त्याचे सैनिक, नोकरचाकर आणि त्यांना माल पुरवणारे व्यापारीही येत, त्यामुळे राहणे आणि विकत घेणे या गोष्टी मुळापासूनच शेजारी शेजारी राहिल्या. गुलमंडी, शहागंज, सिटी चौक या भागांत खाली दुकान आणि वर घर ही मांडणी आजही दिसते. नान-कलिया या शहराच्या खास पदार्थातला कलिया घरी शिजवून नान मात्र जवळच्या भट्टीवरून आणायचा, ही पद्धतही भट्टी चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळेच टिकली आहे.

सिडकोने, म्हणजे राज्य शासनाच्या नगरनिर्मिती महामंडळाने, शहराच्या पूर्वेला वसवलेल्या वसाहतीची गोष्ट वेगळी आहे, कारण एन-१, एन-२ अशा क्रमांकांनी ओळखले जाणारे तिचे विभाग आधी कागदावर आखले गेले. अशा आखणीमागे अमेरिकी नियोजनकार क्लॅरेन्स पेरी याने १९२९ मध्ये मांडलेली ‘शेजार-घटक’ ही कल्पना जगभर वावरत होती: शाळा मध्यभागी, दुकाने कोपऱ्यांवर, वाहतुकीचे मोठे रस्ते वस्तीच्या कडेने आणि सर्व काही सुमारे चारशे मीटरच्या आत. सिडकोतही कॅनॉट प्लेससारखी व्यापारसंकुले आखली गेली. परंतु कोथिंबिरीची जुडी किंवा दह्यासाठी विरजण हवे असेल तर एवढ्या लांब कोण जाणार? रहिवाशांनी ओळीतल्या घरांच्या पुढच्या खोल्यांतच किराणा, शिवणकाम आणि गिरण्या सुरू केल्या. नियमाच्या दृष्टीने हा निवासी जागेचा गैरवापर ठरू शकतो, तरीही आराखड्यातली उणीव त्यानेच भरून काढली, हे मान्य करावे लागते.

अशा दुकानाचा खरा आधार वहीवरची उधारी हा असतो. पाव किलो शेंगदाणे, अर्धा किलो साखर असा माल नेऊन पगाराच्या दिवशी हिशेब चुकता करणारे गिऱ्हाईक दुकानदाराला चेहऱ्याने आणि घराने माहीत असावे लागते आणि ही ओळख गल्लीपुरतीच चालते. साठवणुकीला जागा आणि एकदम मोजायला पैसे नसलेल्या कुटुंबाला मोठ्या बाजारातला स्वस्त भाव उपयोगाचा नसतो. गाडीभाडे धरले तर तो स्वस्तही उरत नाही.

या शहरात मोटारीपेक्षा दुचाकीचा प्रश्न मोठा आहे, आणि ते नवलही नाही, कारण बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून इथल्या अनेकांना रोजगार देत आला आहे. दुकान हाकेच्या अंतरावर असूनही गाडीला किक मारली जाते, ती केवळ आळसाने नव्हे. पदपथावर दुकानांच्या पायऱ्या, पाट्या आणि उभ्या गाड्या असतात, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि सावली देणारी झाडे रस्तारुंदीत गेलेली असतात. सातारा-देवळाई भागात तर अडचण अंतराची नसून आडव्या येणाऱ्या बीड बायपासची आहे. पेरीने जो मोठा रस्ता वस्तीच्या कडेला ठेवला होता, त्याच्याच दोन्ही अंगांना इथे बाजारपेठ वाढली आहे. समोरच्या बाजूचे मेडिकल नजरेच्या टप्प्यात असते, पण मधली भरधाव वाहने चुकवत तिथे पोहोचण्यापेक्षा वृद्ध माणसे औषध घरपोच मागवणे किंवा मुलगा कामावरून परतेपर्यंत थांबणे पसंत करतात.