बाबांना ऐकू का येत नाही?

हिंदमाताच्या मागच्या चाळींतून आणि वस्त्यांतून संध्याकाळी चालत गेले की एखाद्या घरातला टीव्ही थेट गल्लीत ऐकू येतो. त्या घरात बहुधा एक म्हातारे बाबा असतात, गिरणीतून आलेले. ते मोठ्याने बोलतात, सुनेला वाटते रागावले. ती चुलीपाशी पाठमोरी उभी राहून काही विचारते, बाबा उत्तर देत नाहीत, तिला वाटते मुद्दाम गप्प बसले. नातू हसून म्हणतो, "पैशाचं बोललं की आजोबांना बरोबर ऐकू येतं!" या पानासाठी आम्ही घरोघरी बसलो तेव्हा हीच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकली.

एका घरात प्रकरण गोळ्यांपर्यंत गेले. बाबांना साखरेचा आजार. दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता सांगितले की रात्रीची गोळी आता अर्धीच घ्यायची. बाबांनी मान हलवली, "हो हो" म्हणाले आणि घरी येऊन आठवडाभर पूर्वीसारखी पूर्ण गोळी घेत राहिले. एका पहाटे अंगाला दरदरून घाम, हातपाय थरथरू लागले. साखर उतरली होती. मुलगा चिडला, "तुम्ही हो म्हणालात ना?" बाबा म्हणाले, "सारखं काय काय म्हणून विचारायचं? लाज वाटते."

या "हो हो"कडे आम्ही आता फार सावधपणे पाहतो. ज्याला नीट ऐकू येत नाही तो बऱ्याचदा हो म्हणतो.

आपल्या कानाच्या आत, शंखासारख्या भागात, केसांसारखे टोक असलेल्या बारीक पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा हजार. मोठ्या आवाजाचा मारा वर्षानुवर्षे झाला की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या. स, श, च, त, ठ यांसारखी व्यंजने त्याच आवाजात असतात. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आवाजाचे, ते पुष्कळ दिवस टिकतात. म्हणून "सात", "आठ", "साठ", "पाच" या चारही शब्दांतला फक्त "आ" बाबांपर्यंत पोचतो. कोणीतरी बोलले हे कळते, काय बोलले ते कळत नाही. बाकीचे ते अंदाजाने भरतात. अंदाज बरोबर आला की नातवाला वाटते, पाहा, ऐकू येते!

ओरडून बोलले तर स्वर आणखी मोठे होतात, हरवलेली व्यंजने हरवलेलीच राहतात. शिवाय बिघडलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो. "काय म्हणालास?" आणि लगेच "ओरडतोस कशाला!" ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाची, आणि दोन्ही खरी.

हा मारा कुठून आला ते आपल्याला ठाऊक आहे. धोट्याच्या साच्यांचे खाते म्हणजे शंभर डेसिबलच्या आसपासचा आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तेवढा आवाज आठवड्यात जेमतेम वीस मिनिटे सोसावा. कामगार रोज आठ तासांची पाळी करत. आपल्या माणसांना पूर्वी साच्यांवर घेतच नसत. कांडी बदलताना धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. जास्त पगाराचे ते काम त्यामुळे बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघड मांडला. आपल्या वाट्याला आले ते मुख्यतः सूतकताईचे रिंग खाते. तिथला आवाज साच्यांपेक्षा कमी, तरी पाळीमागून पाळी कान बिघडवायला पुरेसा. १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. पगार बुडाला, गिरणी गेली, कानातले नुकसान तेवढे घरी आले.

मोठ्याने बोलण्याची सवयही तिथलीच. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर बायांनी ओठांच्या हालचाली आणि हातवारे यांची बोलीच केली होती, तिला "मी-मॉ" म्हणत. आपले जुने कामगारही खुणांनी आणि चेहऱ्याकडे पाहून बोलत. त्यात आता स्वतःचा आवाजही पुरता ऐकू येत नाही, म्हणून तो चढतो. घरच्यांना तो राग वाटतो. समोरच्याच्या आवाजावरून आपण त्याचे मन ठरवतो आणि मग त्याच सुरात उत्तर देतो. भांडण असे कारणाशिवाय उभे राहते.

ऐकण्यात डोळ्यांचा वाटा किती असतो, हे १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या दोघांनी दाखवले. पडद्यावर ओठ "गा" म्हणत होते, आवाज "बा" असा लावला होता. पाहणाऱ्या बहुतेकांना "दा" ऐकू आले. धडधाकट कानांचे हे, तर आपल्या बाबांचे काय? कोरोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि कित्येक घरांना तेव्हाच कळले की बाबा इतके दिवस ओठ वाचत होते.

तेव्हा आधी टीव्ही बंद करा, पंखा खडखडत असेल तर तोही. समोर या, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, नेहमीच्या आवाजात थोडे सावकाश बोला. नाही कळले तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. "साठ रुपये" नाही कळले तर बोटे दाखवा. औषधाचे मात्र बोलण्यावर सोडू नका, कागदावर लिहा आणि बाबांनाच परत सांगायला लावा.

तपासणी पुढे ढकलू नका. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. केईएम आणि नायर रुग्णालयात कानाचा विभाग आहे, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास याच कामासाठी आहे. २०२० साली लॅन्सेटच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी बारा कारणे मोजली, त्यांत ऐकू न येणे आहे. "बाबांना भ्रम झालाय" म्हणण्याआधी कान तपासा. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांना यंत्रासाठी एकदाच ३००० रुपये मिळण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली. अर्ज सुरू आहेत का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. तेवढ्यात चांगले यंत्र येत नाही, हेही सांगून ठेवतो.

एक आपल्यालाही ऐकावे लागेल. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे आपली पोरे चार-चार तास नाचतात. गिरणीत जाणे बाबांच्या पोटासाठी होते, याला तसे काहीच कारण नाही.

मशीन मिळाले की पहिले काही आठवडे अवघड जातात. भांड्याचा खणखणाट, रस्त्यावरचे हॉर्न, सगळे एकदम अंगावर येते आणि मशीन डब्यात जाते. ज्या घरात गोळीचा घोळ झाला, तिथे बाबांनी दोनदा काढून ठेवले. आता दुपारी घर शांत असताना तासभर लावतात, सून समोर बसून त्यांना पेपर वाचून दाखवते. परवा त्यांनी तिला मध्येच थांबवले. "आठ नाही, साठ म्हणालीस ना?" साठच होते.