बोल्टनचे खेचर

चरख्यावर बसलेली बाई एकाच वेळी दोन कामे करते: पेळू ओढून बारीक करते आणि त्याला पीळ देते. हा हातगुण यंत्रात उतरवणे सोपे नव्हते. हारग्रीव्ह्जच्या जेनीवर एक चाक अनेक चात्या फिरवी, पण तिचे सूत कच्चे, ते फक्त बाण्याला चाले. आर्कराइटच्या वॉटर फ्रेमचे सूत ताण्याला पुरेसे पक्के, पण जाड. मलमलीचे सूत काढावे ते हिंदुस्थानातल्या कातणाऱ्या बायकांनीच.

लँकेशायरमधल्या बोल्टनचा सॅम्युअल क्रॉम्प्टन लहानपणापासून जेनीवर तुटके धागे जोडत वैतागला होता. नाट्यगृहात व्हायोलिन वाजवून मिळालेले पैसे त्याने हत्यारांत घातले आणि 1779 मध्ये दोन्ही यंत्रांचा संकर केला. त्याचेच नाव म्यूल, म्हणजे खेचर.

त्यात रुळांच्या जोड्यांमधून पेळू बारीक होत बाहेर येतो. चात्या असतात चाकांच्या गाड्यावर. गाडा चार-पाच फूट मागे सरतो आणि चात्या गरगरत पीळ देतात. खरी गंमत पुढे आहे. पीळ आधी बारीक जागी बसतो. जाड जागा सैल राहतात, म्हणून गाड्याच्या ओढीने त्याच ताणल्या जातात आणि तार सगळीकडे सारखी होते. मग गाडा आत येताना सूत चातीवर गुंडाळले जाते.

एवढे तलम सूत बाजारात आल्यावर गुपित कसले टिकते! लोक खिडक्यांतून डोकावू लागले. कारखानदारांनी वर्गणीचा शब्द दिला म्हणून त्याने यंत्र उघड केले, आणि हाती पडले सुमारे 60 पौंड.

पेटंट घेतले असते तर तो तरला असता, असे म्हणतात. मला ते पटत नाही. आर्कराइटची पेटंटे 1785 मध्ये न्यायालयाने रद्द केली, तरी तो गडगंजच राहिला, कारण गिरण्या त्याच्या होत्या. क्रॉम्प्टनकडे भांडवल नव्हते आणि धंद्याची नजरही नव्हती. 1811 मध्ये तो गिरण्यागिरण्यांतून हिंडला, तेव्हा म्यूलच्या चात्या 40 लाखांच्या पुढे गेल्या होत्या. पुढच्या वर्षी संसदेने 5,000 पौंड दिले. तेही धंद्यात बुडाले.

म्यूलवर लँकेशायर दीर्घकाळ विसंबून राहिले. 1880 च्या दशकात जमशेटजी टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये मात्र रिंग चात्या आणल्या. रिंगवर पीळ देणे आणि गुंडाळणे एकदमच होते, गाड्याच्या येरझारा लागत नाहीत.