१८०० तासांची अट

ब्रिटनमध्ये आजारी कुत्रा किंवा मांजर दवाखान्यात दाखल झाले की त्याचे रक्त काढणारी, सलाईन लावणारी, भूल दिल्यावर त्याच्या श्वासावर नजर ठेवणारी आणि ते शुद्धीवर येईपर्यंत शेजारून न हलणारी व्यक्ती बहुतेक वेळा व्हेटर्नरी नर्स असते. या नर्सची अधिकृत नोंदवही आहे, तिच्यासाठी आचारसंहिता आहे, आणि गंभीर चूक सिद्ध झाली तर नोंदवहीतून नाव काढून टाकणारी शिस्तपालन समितीही आहे. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या संस्थेच्या या नोंदवहीत आज वीस हजारांहून अधिक नावे आहेत. ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. १९६१ मध्ये पशुवैद्यकांच्या मदतनिसांसाठी पहिली प्रशिक्षण योजना सुरू झाली, १९९१ मध्ये कायद्याने त्यांना काही उपचार स्वतःच्या हाताने करण्याची मुभा दिली, आणि शिस्तपालनाची चौकट तर २०११ पासूनची. या व्यवसायाच्या प्रवेशाच्या आणि प्रशिक्षणाच्या अटी एकत्र वाचल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. शाळेतल्या गुणांची अट माफक आहे, पण हाताखाली काम करून दाखवण्याची अट अत्यंत कडक आहे. माझ्या मते हे प्रमाण अगदी योग्य आहे, आणि पशुधनाने गजबजलेल्या महाराष्ट्राने त्याकडे गांभीर्याने पाहायला हवे.

आधी अटी पाहू. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास जी जीसीएसई परीक्षा होते, ती साधारण आपल्या दहावीच्या जागी धरता येईल. व्हेटर्नरी नर्सिंगच्या पदविकेसाठी तिच्यातले पाच विषय चौथ्या किंवा त्याहून वरच्या श्रेणीत सुटलेले असावे लागतात. श्रेणी एक ते नऊ अशा असतात आणि नऊ ही सर्वांत वरची, म्हणजे चार ही नुसती बऱ्यापैकी उत्तीर्ण झाल्याची खूण. या पाचांत इंग्रजी, गणित आणि एक विज्ञान विषय हवाच. इतके गुण नसलेल्यांसाठीही मार्ग बंद नाही. प्राण्यांच्या दवाखान्यातील साहाय्यकाचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करून, भाषा आणि गणित यांची व्यावहारिक पातळी सिद्ध करून त्यांना पदविकेकडे येता येते. बारावीच्या तोडीचे शिक्षण घेतलेले विद्यार्थी विद्यापीठात पदवीही करू शकतात. लंडनचे रॉयल व्हेटर्नरी कॉलेज किंवा एडिंबरा नेपियर विद्यापीठ अशा ठिकाणी ती सोय आहे. पण पदविका असो वा पदवी, शेवटी नाव लागते ते एकाच नोंदवहीत. गणिताचा आग्रह का, हे एका उदाहरणावरून कळेल. बारा किलोच्या कुत्र्याला वेदनाशामक मेलॉक्सिकॅम किलोमागे ०.२ मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि बाटलीतल्या औषधात मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम आहेत. म्हणजे हवे २.४ मिलिग्रॅम, सिरिंजमध्ये ओढायचे ०.४८ मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकले तर दहापट औषध जाते, आणि हा हिशेब दिवसातून अनेकदा, घाईत, वेगवेगळ्या वजनाच्या प्राण्यांसाठी करावा लागतो.

खरी कसोटी प्रवेशानंतर लागते. विद्यार्थ्याचे नाव रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सच्या दप्तरी नोंदले जाते आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण दवाखान्यात त्याला किमान १८०० तास प्रत्यक्ष काम करावे लागते. आठवड्याला ३६ तास धरले तर हे ५० आठवडे होतात. पूर्ण पदविकेला दोन ते तीन वर्षे लागतात. दवाखान्यातली एक अनुभवी नोंदणीकृत नर्स किंवा पशुवैद्यक त्याची मार्गदर्शक असते. ठरवून दिलेले प्रत्येक कौशल्य तिच्यासमोर करून दाखवायचे आणि ते पुरेसे आले असे तिला वाटले तरच नोंद करायची, अशी रीत आहे. सलाईनसाठी शिरेत सुई बसवणे, शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणे, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काचपट्टी वाचणे, प्राण्याला हाताने न धरता वाळूच्या पिशव्या लावून एक्स-रे काढणे, भूल दिलेल्या प्राण्याचा तक्ता दर काही मिनिटांनी भरणे, संसर्गजन्य रोगाच्या रुग्णाला वेगळे ठेवणे, अशी ही कामे असतात. शेवटी लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकांची एक परीक्षा असते. तिच्यात विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी नेमून दिलेले काम घड्याळाच्या काट्यावर करून दाखवतो. घोड्यांच्या दवाखान्यात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी स्वतंत्र शाखा आहे. उत्तीर्ण झाल्यावरही दरवर्षी किमान १५ तास नवे शिक्षण घेणे बंधनकारक आहे.

इतके सगळे एका मदतनिसासाठी कशाला, हा पहिला आणि रास्त आक्षेप. याला सगळ्यांत चांगले उत्तर भुलेच्या आकडेवारीत मिळते. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक दवाखान्यांत भुलेशी संबंधित मृत्यूंचा एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांत हे प्रमाण ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के निघाले. म्हणजे कुत्र्यांत सुमारे सहाशेंत एक, तर सशांत बहात्तरांत एक. पण त्या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. कुत्र्यांच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे आणि मांजरांच्या व सशांच्या मृत्यूंपैकी साठ टक्क्यांच्या आसपास मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर झाले होते, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या तीन तासांत. शेवटचा टाका पडला की शल्यविशारद हातमोजे काढून पुढच्या रुग्णाकडे वळतो. त्या तीन तासांत प्राण्याजवळ कोण असते? नळी कधी काढायची, शरीर किती गार पडले आहे, हिरड्यांचा रंग गुलाबी आहे की फिकट, श्वास उथळ होतोय का, हे पाहणारे डोळे नर्सचे असतात. त्याच अभ्यासात मांजरांची नाडी आणि रक्तातला प्राणवायू यांवर लक्ष ठेवले गेले तिथे धोका कमी आढळला. हा अभ्यास नर्सच्या पदविकेची उपयुक्तता मोजण्यासाठी केलेला नव्हता, हे मान्य करायला हवे. तरीही जीव कोणत्या घटकेला जातो हे त्याने दाखवले, आणि ती घटका कोणाच्या हाती असते हे दवाखान्याचे काम पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

माणसांच्या नर्सिंगचे शिक्षण इथे थेट चालत नाही, हेही लक्षात घ्यावे. घराघरांत असणारे पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार अपुरी असते. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवांसाठी वापरले जाणारे परमेथ्रिन मांजराला विषारी ठरते. सशाला दुखत असले तरी तो ओरडत नाही. तो कोपऱ्यात निपचित बसतो आणि खाणे सोडतो, आणि खाणे सुटले की त्याची आतडी मंदावून तो अधिकच खालावतो. रुग्ण बोलत नाही आणि प्रत्येक जातीचे शरीर वेगळ्या नियमांनी चालते, अशा ठिकाणी सद्भावना आणि प्राणिप्रेम आवश्यक असले तरी पुरेसे नाही.

ब्रिटिश पद्धतीचा गाभा मला कायद्यातल्या एका जोडणीत दिसतो. पशुवैद्यकांचा तिथला कायदा १९६६ चा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार नोंदणीकृत नर्स पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून औषधोपचार करू शकते आणि शरीराच्या पोकळीत शिरावे लागत नाही अशी किरकोळ शस्त्रक्रियाही करू शकते. जखमेला टाके घालता येतात, पोट उघडता येत नाही. रोगनिदान करायचे नाही, स्वतःच्या मनाने औषध ठरवायचे नाही. विद्यार्थी नर्सलाही प्रशिक्षणाचा भाग म्हणून ही कामे करता येतात, पण त्यावर पशुवैद्यकाची किंवा नोंदणीकृत नर्सची देखरेख लागते, आणि शस्त्रक्रिया असेल तर देखरेख करणारी व्यक्ती सतत समोर हजर असली पाहिजे. ज्याची कुठेच नोंद नाही त्याला हा अधिकार नाही. म्हणजे जितके सिद्ध केले तितके करण्याची परवानगी, आणि परवानगीबरोबर जबाबदारी.

या व्यवस्थेतही उणिवा आहेत. व्हेटर्नरी नर्स हे पदनाम ब्रिटनमध्ये अजून कायद्याने राखीव नाही. नोंदवहीत नसलेल्या व्यक्तीनेही स्वतःला तसे म्हणवले तर तेवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. शेजारच्या आयर्लंडने २००५ च्या कायद्याने ते नाव राखीव केले, ब्रिटनमधल्या नर्स त्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करत आहेत. ही तक्रार खरी आहे, पण अधिकार नावाला न चिकटता नोंदणीला चिकटलेले असल्याने व्यवस्था पोकळ ठरत नाही. दुसरी तक्रार पगाराची. इतकी वर्षे शिकून, रात्रपाळ्या करून मिळणारे वेतन कमी असल्याने अनेक जणी व्यवसाय सोडतात. प्रशिक्षण सैल करून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. प्रशिक्षित नर्सला तिच्या परवानगीत बसणारी कामे करूच न देता दिवसभर फोन उचलायला आणि पिंजरे धुवायला लावणारे दवाखाने तिच्या शिक्षणाचे मोल स्वतःच कमी करतात, आणि पगार तिथेच अडतो. तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. गुण असूनही प्रशिक्षण देणाऱ्या दवाखान्यात जागा मिळत नाही म्हणून कित्येकांचा प्रवेश अडतो. कामातून शिकवण्याची पद्धत स्वीकारली की शिकवणाऱ्या दवाखान्यांची संख्या हीच प्रवेशाची खरी मर्यादा होते. हा इशारा आपल्याही उपयोगाचा आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. माणसांच्या नर्ससाठी आपल्या देशात १९४७ पासून भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आहे. प्राण्यांच्या नर्ससाठी देशपातळीवर तशी नोंदवही नाही. पुण्या-मुंबईच्या खासगी दवाखान्यांत कुत्र्या-मांजरांना सांभाळणारे साहाय्यक बहुधा कामावरच शिकतात. त्यांच्यातले काही अत्यंत निष्णात असतात, आणि दहा वर्षे प्राणी हाताळलेल्या माणसाला कोऱ्या पदविकाधारकापेक्षा जास्त कळते, हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. म्हणूनच तर तासांची आणि कौशल्यांची नोंद हवी. नोंद नसल्याने त्या निष्णात माणसाचे ज्ञान दुसऱ्या दवाखान्याच्या दारात शून्य होते, त्याला नव्याने सुरुवात करावी लागते, आणि प्राण्याच्या मालकाला तो आणि काल लागलेला मुलगा यांतला फरक कळायला मार्ग उरत नाही.

खेड्यांत चित्र निराळे आहे. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे ३.३ कोटी पशुधन मोजले गेले. जिल्हा परिषदेच्या श्रेणी-२ दवाखान्यांचा भार पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक वाहतात, सोबत व्रणोपचारक आणि परिचर असतात. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाच्या कलम ३० मध्ये अशा पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा देण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. यादीत आणखी काय घालायचे हेही राज्याने राजपत्रात जाहीर करायचे आहे. कायद्याचा हेतू ब्रिटनच्या तिसऱ्या परिशिष्टाजवळच जातो. फरक पडतो तो देखरेख या शब्दाच्या अमलात. श्रेणी-२ दवाखान्यात पदवीधर डॉक्टर बसत नाही. मध्यरात्री म्हैस अडली तर पर्यवेक्षकाने हात घालायचा की वीस किलोमीटरवरच्या डॉक्टरची वाट पाहायची, हा निर्णय त्या अंधाऱ्या गोठ्यात त्याला एकट्याला घ्यावा लागतो. पदवीधर आणि पदविकाधारक यांच्यातला जुना वाद याच फटीतून उगवतो, आणि त्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे खरे आहे.

पदवीधरांना भीती वाटते की अधिकार वाढवले तर गावोगाव अर्धवट डॉक्टर तयार होतील. पण कोणतीही नोंद नसलेले लोक आजही गुरांना इंजेक्शने देत हिंडतात आणि त्यांच्याकडून काढून घ्यावे असे काहीच त्यांच्याजवळ नसते. नोंदणी असलेल्या माणसाला गमावण्यासारखे काहीतरी असते. परदेशातला कुत्र्या-मांजरांचा अभ्यासक्रम आमच्या गोठ्यात काय कामाचा, असेही कोणी विचारील. तो अभ्यासक्रम उचलून आणण्याचे कारणच नाही. घ्यायचा आहे तो त्याचा सांगाडा. कौशल्यांची यादी आपली असेल: पोटफुगी आणि काससुजी वेळेत ओळखणे, अडलेल्या म्हशीसाठी डॉक्टरला कोणत्या क्षणी बोलवायचे ते ठरवणे, लाळ-खुरकुताची लस गार राखून वाडीपर्यंत नेणे, पिसाळलेले जनावर हाताळताना स्वतःला वाचवणे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने गोवंशाला ग्रासले तेव्हा राज्यभर लसीकरण करावे लागले, आणि गावात उपलब्ध असलेल्या प्रशिक्षित हातांचे मोल तेव्हा सगळ्यांनाच कळले. खर्चाचा मुद्दा उरतो. शिकलेल्या माणसाला जास्त पगार द्यावा लागेल आणि त्यातला काही भाग पशुपालकाच्या खिशातून जाईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुभती म्हैस दगावल्यावर त्या घराचे जे नुकसान होते, त्याच्याशी हा खर्च ताडून पाहावा.

सुरुवात करायला नव्या इमारती लागत नाहीत. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या दवाखान्यांत रोज रुग्ण येतात. मुंबईकर ज्याला बैलघोडा इस्पितळ म्हणतात ते परळचे जुने रुग्णालयही आहेच. कलम ३० मध्ये पशुवैद्यकीय संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्राचा उल्लेख असल्याने, अशा ठिकाणी तास भरून, कौशल्ये दाखवून मिळवलेले पर्यवेक्षकाचे किंवा साहाय्यकाचे प्रमाणपत्र राजपत्रातल्या सेवांच्या यादीला जोडता येईल. स्वतंत्र नोंदवही आणि राखीव पदनाम यांसाठी केंद्रीय कायदा बदलावा लागेल, त्याला वेळ लागेल. तोवर प्रत्येक शिकाऊ साहाय्यकाच्या हाती एक वही देता येईल. कोणते काम, कोणत्या प्राण्यावर, कोणत्या तारखेला, आणि समोर उभ्या असलेल्या डॉक्टरची सही, एवढे चार रकाने तिच्यात पुरेत.