न आलेल्या रुग्णांची वही

खेड्यातील दवाखान्यात स्वयंसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि समोर रुग्णांची रांग असे चित्र उभे राहते. मी पडले वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. मला ना नाडी पाहता येते, ना इंजेक्शन देता येते. मग माझ्यासारखीचा दवाखान्याला उपयोग तो काय? दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे आदिलाबादला गेले असता जवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन आठवडे मदतनीस म्हणून काम करण्याची संधी मिळाली. तेथे या प्रश्नाचे जे उत्तर मिळाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम प्रदेशाची थोडी ओळख. आदिलाबाद हा तेलंगणाचा अगदी उत्तरेकडील जिल्हा. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, नंतर आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ मध्ये जुन्या विस्तीर्ण जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचे. डोंगरात गोंड, कोलाम, परधान यांची वस्ती. कचेरीत तेलुगू, घरात गोंडी किंवा कोलामी आणि बाजारात मराठी, उर्दू असा सगळा मेळ. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ च्या सुमारास मारलवाई येथे गोंड मुलांना त्यांच्याच भाषेतून शिकविण्यास सुरुवात झाली. तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. मराठीशी या लोकांचा संबंध किती जुना आहे, हे त्यावरून कळते.

आता आरोग्यव्यवस्थेविषयी. डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा शासनाचा निकष आहे. उपकेंद्रात नर्स, गावात आशा कार्यकर्ती, गंभीर रुग्णासाठी १०८ क्रमांकाची गाडी आणि आदिलाबाद शहरात २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. कागदावर शिडी पूर्ण आहे. माणसे निसटतात ती दोन पायऱ्यांच्या मधून.

पहिल्याच दिवशी सिस्टरांनी मला दोन नियम सांगितले. सुईला हात लावायचा नाही आणि स्वतःच्या मनाने कोणाला औषध सांगायचे नाही. हे नियम मला फार मोलाचे वाटले. शहरातून आलेला, चार इंग्रजी शब्द बोलणारा कोणीही खेड्यात चटकन ‘डॉक्टर’ ठरतो, आणि धोका तेथेच असतो. माझे काम ठरले ते दोन प्रकारचे : बोलणे आणि लिहिणे.

बोलण्याच्या कामी आपली कन्नड उपयोगी पडली, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. तेथील डॉक्टर तेलुगू भाषक. कन्नडमधील ‘किवी’ तेलुगूत ‘चेवी’ होते, म्हणजे कान. ‘ज्वर’ दोन्हीकडे ज्वरच. पण शब्द सारखा म्हणून अर्थ सारखा असे नसते. तेलुगूत आणि कन्नडमध्ये ‘मात्रा’, ‘मात्रे’ म्हणजे औषधाची गोळी. मराठी घरात मात्रा म्हणजे सहाणेवर उगाळून बाळाला चाटवायचे औषध. ‘परवा या’ असे मराठीत सांगितले तर प्रश्नच मिटला, कारण आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही! म्हणून आम्ही ‘पुढच्या बाजाराच्या दिवशी’ असे सांगू लागलो. आठवडी बाजार कोणी विसरत नाही. आणि सांगून झाले की रुग्णाकडूनच वदवून घ्यायचे : “माय, गोळी केव्हा घेणार, सांगा बरे.” उत्तर बरोबर आले तरच चिठ्ठी हातात.

लिहिण्याच्या कामात मात्र माझ्यातील वाणिज्य शाखा जागी झाली. केंद्रातील नोंदवहीत नाव, वय, गाव, तक्रार, औषध सारे काही होते. पण ती वही फक्त आलेल्यांची. ज्याने यायचे होते आणि जो आला नाही, त्याला त्या वहीत पानच नाही. आपल्या गल्लीतला किराणा दुकानदार हिशेबाचे शिक्षण न घेताही उधारीची वही ठेवतो. कोणाकडे किती येणे बाकी आहे, हे त्याला रोज ठाऊक असते. मग दवाखान्याची ‘येणे बाकी’ कोणी पाहायची?

ही बाकी किती महत्त्वाची आहे, ते सिस्टरांनी समजावून दिले. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात क्लोरोक्विनच्या तीन दिवसांनी ताप उतरतो, पण जंतू यकृतात दडून राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. मुलाच्या जुलाबात क्षारसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात. क्षयाचे साधारण उपचार सहा महिन्यांचे. सिकलसेल तर जन्माचा सोबती. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक. या सर्वांत बरे वाटते आधी आणि उपचार संपतो नंतर. ताप उतरल्यावर कोण कशाला चार मैल येईल?

म्हणून एका साध्या वहीत आम्ही चार रकाने आखले : नाव, गाव, येण्याचा दिवस, आले की नाही. सायंकाळी चौथा रकाना रिकामा असलेली नावे सिस्टर त्या त्या गावच्या आशाताईंना कळवीत. वही कपाटात कुलपात राही, कारण क्षयरुग्णाचे नाव चारचौघांत फुटता कामा नये. न येण्याची कारणे कळली तेव्हा ‘लोक अडाणी आहेत’ हे आपले नेहमीचे वाक्य किती उथळ आहे ते उमगले. कोणाची कापूसवेचणीची मजुरी बुडत होती. कोणाकडे बसभाडे नव्हते. दिवाळीत दंडारी-गुस्साडीचे नाच असतात, त्यासाठी काहींची घरेच परगावी गेली होती. अशा वेळी उपदेशापेक्षा गोळ्या गावात पोचवणे सोपे.

यात नवे असे काही नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेवविली आणि तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. हे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाच्या उशाशी वेळेवर पोचणारी शेजारीण कित्येकदा दूरच्या तज्ज्ञापेक्षा अधिक उपयोगी ठरते, हाच त्याचा अर्थ.

तेव्हा तीन आठवड्यांच्या पाहुणीने गावाला वाचविल्याचा आव आणू नये. आपण गेल्यावरही चालेल असे एखादे लहान काम मागे ठेवावे, एवढेच पुरे. आपल्या बेळगावच्या आसपासही आरोग्य केंद्रे आहेत, आणि तेथेही मराठी बोलणारी आजी व कन्नड बोलणारे डॉक्टर समोरासमोर बसतात. दोन्ही भाषा जाणणाऱ्या आणि हिशेब ठेवता येणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथे करण्यासारखे पुष्कळ आहे. सुट्टीत जरूर जावे, मात्र डॉक्टरांना विचारून, आणि एक कोरी वही बरोबर घेऊन.