आभाळातले गाडीचे चाक

बालगोपाळांनो, बैलगाडीचे चाक पाहिले आहे का? नसेल तर आजीला विचारा. मधला तुंबा, आरे आणि बाहेरची लोखंडी धाव, सगळे ती बरोबर सांगेल. अशाच आकाराची एक दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आपल्यापासून सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. १९४१ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने ती शोधली. नाव पडले कार्टव्हील, गाडीचे चाकच!

हे चाक घडले टकरीतून. एक लहान दीर्घिका मोठीच्या थेट पोटातून आरपार गेली. टक्कर म्हटली तरी तारे एकमेकांवर आपटत नाहीत हो! त्यांच्यात अंतरच तेवढे असते. आपल्या सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी ४.२ प्रकाशवर्षांवर आहे, बोला! खरे काम करते ते गुरुत्वाकर्षण. पाहुणी मधून जाताना भोवतालचे तारे आत ओढले गेले, आणि ती निघून जाताच बाहेर उसळले. तळ्यात दगड टाकला की लाट गोल पसरत जाते ना, तसेच. ही लाट सुमारे ४४ कोटी वर्षे पसरते आहे. वाटेतला वायू दाबला जातो, त्यातून नवे तारे जन्मतात, म्हणून कड निळी झगझगीत दिसते.

त्यातले जड तारे मात्र अल्पायुषी. २०२१ साली या चाकातला एक तारा फुटताना दुर्बिणींना दिसला. तो उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस सोडा, एक झाडसुद्धा नव्हते.