ओव्हन नको, इडलीपात्र पुरे

वर्धा जिल्ह्यात सफरचंद पिकत नाही. ते हिमाचल आणि काश्मीरमधून पेट्यांत भरून येते, हातगाडीवर चकचकीत रांगेत बसते आणि बऱ्याच घरांत कोणी आजारी पडले तरच विकत आणले जाते. त्यातून मोबाइलवरच्या पाककृतींत सफरचंद म्हटले की केक नाहीतर ‘अ‍ॅपल पाय’, आणि पहिलीच सूचना ‘ओव्हन १८० अंशांवर तापवून घ्या’. खेड्यातल्या शाळेत ओव्हन कुठून येणार? तरीही मुलांना अन्नामागचे विज्ञान हातात धरून दाखवायचे असेल, तर इतके सोयीचे फळ क्वचितच सापडेल. तीस मुलांच्या वर्गाला चार-पाच सफरचंदे पुरतात.

शाळेत स्वयंपाक ही कल्पना वर्ध्याला नवी नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिने डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली आणि त्यातून ‘नई तालीम’ उभी राहिली. हाताने काम करता करता गणित, विज्ञान, भाषा शिकायची, हे तिचे सूत्र. सेवाग्राममध्ये नई तालीम समितीची ‘आनंद निकेतन’ ही शाळा २००५ पासून याच वाटेने चालते. तिथे शेती आणि स्वयंपाक हा अभ्यासाचाच भाग असतो, मुलींचा आणि मुलांचाही. (पोळी लाटणारा मुलगा पाहून हसणारे पाहुणे अजूनही भेटतात, हे आपले दुर्दैव.) मात्र शालेय पोषण आहाराच्या चुलीवर मुलांना राबवणे वेगळे आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकण्यासाठी रांधणे वेगळे. ही रेघ शाळेने स्पष्ट ठेवायला हवी.

पहिला प्रयोग बिनविस्तवाचा. सफरचंदाच्या तीन फोडी घ्यायच्या. एक तशीच ठेवायची, दुसरीला लिंबाचा रस चोळायचा आणि तिसरी शिक्षकांनी दोन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून काढायची. अर्ध्या तासाने पहिली तपकिरी पडते, बाकीच्या दोन बऱ्याच उजळ राहतात. सुरीने पेशी फाटतात, आतले पॉलिफिनॉल हे घटक आणि एक विकर एकत्र येतात, त्यांना हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग चढतो. लिंबाच्या आंबटपणाने विकर मंदावते, त्यातले क जीवनसत्त्वही रंग चढू देत नाही. उकळत्या पाण्याने तर विकर निकामीच होते. फोड काळी पडली म्हणजे ‘त्यातले लोह गंजले’ असे घरोघरी सांगतात, ते खरे नाही. त्या फोडी टाकायच्या नाहीत. दही, मीठ, दाण्याचे कूट आणि वरून मोहरीची फोडणी घातली की कोशिंबीर तयार.

मग इडलीपात्र. प्रत्येक वाटीत फोडी ठेवून आठ-दहा मिनिटे वाफवले की त्या बोटाने दाबता येतात. पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने विरघळते, म्हणून फळ मऊ पडते. इथे वर्ग दोन गटांत विभागावा. एका वाटीत भरपूर लिंबू पिळायचे, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा घालायचा. सोड्याच्या फोडींचा लवकर लगदा होतो, लिंबाच्या फोडी मात्र आकार धरून राहतात. आंबटात पेक्टिन टिकते, सोड्यात चटकन तुटते. तुरीची डाळ शिजल्याखेरीज तिच्यात चिंच घालू नये, हे प्रत्येक आजी सांगते. तिचे कारण मुलांना या दोन वाट्यांत सापडते. सोड्याची वाटी चवीला बेताचीच लागते. ती प्रयोगापुरती ठेवावी.

वाफेवरचे सफरचंद कितीही वेळ ठेवले तरी खरपूस होत नाही, कारण साध्या भांड्यातली वाफ १०० अंशांच्या आसपासच राहते. तपकिरी रंग आणि खमंग वास यायला त्याहून बरीच जास्त, कोरडी उष्णता लागते. ओव्हन तेच काम करतो, आणि जाड लोखंडी तवाही. पातळ चकत्या थोड्या तुपावर दोन्ही बाजूंनी भाजायच्या, शेवटी गुळाची चिमूट आणि वेलदोड्याची पूड घालायची. गूळ आधी घातला तर जळतो आणि कडवट होतो.

खिरीत मात्र हमखास फजिती होते. उकळत्या दुधात कच्चा कीस टाकला की दूध फाटते, कारण सफरचंद आंबट असते. कीस तुपावर परतून त्यातले पाणी आटवायचे, दूध वेगळे आटवायचे, दोन्ही गार झाल्यावर एकत्र करायचे.

वर्ध्याला उन्हाची ददात नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हिवाळ्यातही दुपार स्वच्छ असते. आतून काळी, वर काच असलेली सौरपेटी ऊन आत घेते आणि उष्णता सहज बाहेर सोडत नाही. काळ्या डब्यात फोडी, थोडे पाणी आणि दालचिनीचा तुकडा घालून तो सकाळच्या सत्रात पेटीत ठेवला, तर दुपारपर्यंत फोडी शिजतात. तासातासाने तापमानाची नोंद करायची, की आलेखही तयार होतो. याच गावात मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या ग्रामोद्योग संघाने कमी धुराच्या ‘मगन चुली’वर काम केले होते. जळण वाचवण्याचा विचार इथे जुनाच आहे.

धोका कुठे आहे, हे आधी सांगायला हवे. मुले सुरीला घाबरतात, पण वाफेला घाबरत नाहीत, आणि खरी भीती वाफेचीच. झाकण शिक्षकांनीच उघडावे, तेही आधी पलीकडची कड उचलून, म्हणजे वाफ अंगावर येत नाही. कापताना सफरचंदाची सपाट बाजू खाली ठेवली की ते घरंगळत नाही. भाजलेच तर तो भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. टूथपेस्ट, बर्फ, हळद काही लावू नये. फोड आले किंवा जखम मोठी असली तर दवाखाना गाठावा. बिया काढून टाकाव्यात. चुकून एखाददुसरी गिळली तर घाबरण्याचे कारण नाही, पण त्या वाटून खाऊ नयेत, कारण त्यांतून सायनाइड तयार होऊ शकते. अंगणवाडीतल्या लहानग्यांना कच्च्या कडक फोडी देऊ नयेत. त्या घशात अडकतात. त्यांना किसून किंवा वाफवून द्यावे.

सफरचंदाचा उगाच फार मोठेपणा मुलांच्या डोक्यात जाऊ नये. त्यात तंतू आहेत आणि सालीसकट खाल्ले तर ते जास्त मिळतात, हे खरे. पण १०० ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व जेमतेम पाच मिलिग्रॅमच्या आसपास असते, पेरूत २०० च्या घरात. आजाऱ्याला भेटायला जाताना पेरू नेला तर आपल्याकडे लोक चमकून पाहतात, एवढाच काय तो फरक. शाळेजवळ पेरू, बोरे, आवळे असतील तर हेच प्रयोग त्यांच्यावरही करून पाहावेत. निकाल थोडे वेगळे येतील. का, ते मुलांनीच शोधायचे.

महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात कवठे येतात. पेक्टिन त्यांत भरपूर असते, म्हणून गर पाण्यात उकळून, गाळून, साखर घालून आटवला की वेगळी पावडर न घालता जेली लागते. कवठ फोडायला मात्र सुरी नको. शाळेच्या पायरीचा दगड चालतो.