वांशिक वर्गीकरण, दक्षिण आफ्रिकेतील
वांशिक वर्गीकरण, दक्षिण आफ्रिकेतील : नागरिकांची वंशानुसार कायदेशीर विभागणी करणारी पद्धती (१९५०–९१). वंश ही निसर्गसिद्ध नव्हे, तर समाजनिर्मित कोटी आहे, याचे हे ठळक उदाहरण होय.

१९५० च्या लोकसंख्या नोंदणी अधिनियमाने प्रत्येक व्यक्तीची श्वेतवर्णीय, मिश्रवर्णीय किंवा ‘नेटिव्ह’ (पुढे ‘बांटू’) अशी नोंद आवश्यक ठरविली. १९५९ मध्ये भारतीयांना मिश्रवर्णीयांचा एक उपगट मानण्यात आले. बाह्यरूप व समाजमान्यता हे मुख्य निकष होते. केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की गळते, यावरूनही काही वेळा निर्णय होई. परिणामी सख्खी भावंडे भिन्न वंशांत गणली गेली. अर्ज करून वंश बदलूनही घेता येई.

निवास, शिक्षण, नोकरी, विवाह व मताधिकार या नोंदीवर अवलंबून असत. श्वेतवर्णीयांचे इतरांशी विवाह १९४९ पासूनच निषिद्ध होते. केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही संमिश्र वस्ती १९६६ मध्ये श्वेतवर्णीयांसाठी राखीव घोषित झाली व सु. ६०,००० रहिवाशांना तेथून हलविण्यात आले.

मानवी जननिक विविधतेपैकी सु. ८५% विविधता प्रत्येक जनसमूहाच्या अंतर्गतच आढळते, असे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखविले. त्यामुळे अशा विभागणीस जीवशास्त्रीय आधार उरत नाही.

१९९१ मध्ये हा अधिनियम रद्द झाला. तथापि जमीन व संपत्ती यांतील विषमता टिकून राहिली. तिच्या निवारणार्थ १९९८ च्या रोजगार समता अधिनियमास त्याच जुन्या गटांचा आधार घ्यावा लागला. कोटी कृत्रिम असली, तरी तिचे सामाजिक परिणाम वास्तव असतात.